प्रभारी मॅनेजर

मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर कोण असावा, हे अहमदपुरात ठरतं. इंग्लंडात ठरतं असा लोकांचा समज आहे, पण तिथं ठरलेलं टिकत नाही हे 2013 पासून सगळं जग बघतंय. सर ॲलेक्स फर्ग्युसन साडेसव्वीस वर्षं एका खुर्चीवर बसले, 13 वेळा लीग जिंकून दिली आणि उठले. त्यानंतर मोयेस झाले, व्हॅन गाल झाले, मुरिन्यो, सोल्शायर, टेन हाग आणि अमोरिम झाले. मधूनमधून प्रभारी आले ते वेगळेच. यातल्या प्रत्येकाची नेमणूक आणि प्रत्येकाची गच्छंती थोडगा रोडवरच्या एका चहाच्या हॉटेलात आधी मंजूर झालेली आहे. आमचा ठराव तिकडच्या संचालक मंडळाला पोचायला वेळ लागतो, एवढंच.

ठराव मांडणाऱ्या गृहस्थांना गाव ‘मॅनेजर’ म्हणतं. वय चाळिशीला टेकलेलं, अंगात बियाणे कंपनीनं फुकट दिलेला टी-शर्ट, हातात बॉलपेन. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभर सोयाबीनचं बियाणं, खतं, फवारणीची औषधं. संध्याकाळी सातनंतर मिडफिल्ड. शेतकऱ्याला ते ज्या आवाजात ‘हे औषध बदला, याच्यानं अळी हलायची नाही’ असं सांगतात, अगदी त्याच आवाजात ‘हा कोच बदला’ असंही सांगतात. दोन्ही वेळा ऐकणारा मान हलवतो. फरक एवढाच की औषध बदललं की बिल होतं.

गावात खरेखुरे मॅनेजरही आहेत, बँकांचे. त्यामुळे घोटाळे होतात. 28 ऑक्टोबर 2024 ला टेन हाग यांना काढलं, त्या संध्याकाळी आमचे मॅनेजर हॉटेलात शिरता शिरताच ओरडले, “मॅनेजर बदलला!” कोपऱ्यात बशीतून चहा ओढत बसलेले एक मामा खाडकन उभे राहिले.

“कोणत्या ब्रँचचा?”

“युनायटेडचा हो मामा.”

“युनायटेड बँक का? अन् माझ्या पीककर्जाचं? परवाच कागदं दिल्यात की. आता नवा साहेब येणार, पुन्हा सातबारा मागणार, पुन्हा आठ-अ, पुन्हा बेबाकी...”

मामांना खाली बसवलं. विलायतेतला मॅनेजर आहे, तुमच्या फायलीशी त्याचा संबंध नाही, हे पटवून दिलं. मामा शांत झाले, पण जाता जाता म्हणाले, “कुठलाबी असू द्या. नवा साहेब आला की जुन्याच्या फायली बाजूला ठेवतंय बघा.” पुढच्या नऊ-दहा महिन्यांत अमोरिमनं रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी, सांचो अशा एकेक फायली बाजूला ठेवून दिल्या आणि मामांना आमच्या मंडळात कायमची खुर्ची मिळाली. फुटबॉल म्हणजे काय हे तोवर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साहेब लोक कसे वागतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि आमच्या चर्चेला तेवढं पुरतं.

मॅनेजरांचा अधिकार कोल्हापूरचा. शेतकी शिकायला ते चार वर्षं तिथं होते आणि वर्गातल्या बाकापेक्षा शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जास्त बसले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं ते अशी घेतात की आपण उगाच पाय सावरून बसतो. कोल्हापुरात संघ खेळत नाहीत, पेठा खेळतात, हे त्यांचं आवडतं वाक्य. कुठल्याही वादात अडचण आली की ते “कोल्हापुरात असं नसतंय” म्हणतात. आमच्यापैकी कुणी त्या पायऱ्यांवर बसलेलं नसल्यामुळे तिथं वाद संपतो. त्याच काळात, 2008 च्या मे महिन्यात, मॉस्कोत भर पावसात पेनल्टी मारताना जॉन टेरीचा पाय घसरला, युनायटेडनं चेल्सीला हरवून युरोपचा चषक उचलला आणि हॉस्टेलच्या टीव्हीसमोर आमच्या माणसाचं लग्न लागलं. कायदेशीर लग्न नंतर झालं. ज्येष्ठता यादीतला आपला क्रमांक वहिनींना माहीत आहे.

अशा माणसानं परत येऊन राहायचं कुठं, तर अहमदपुरात. आमचा मुलूख कुस्तीचा. 1970 ला एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोन्याचं पदक घेणारे हरिश्चंद्र बिराजदार मामा आमच्याच लातूर जिल्ह्याचे. तिकडं नांदेडला गेलात तर गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाच्या चषकासाठी देशभरातून हॉकीचे संघ येतात. दोन्हींच्या मधोमध अहमदपूर, आणि आमच्याकडच्या मैदानाला पहाटेपासून गर्दी असते ती पोलीस भरतीवाल्या पोरांची. 1600 मीटर धावायचं, गोळा फेकायचा, घरी जायचं. दुपारनंतर क्रिकेट. संध्याकाळी डॉक्टरांनी चालायला सांगितलेली माणसं. फुटबॉलला त्या मैदानावर वेळ दिलेली नाही.

मॅनेजरांनी स्वतः चेंडूला पाय लावलेला कुणीही पाहिलेला नाही. एकदा रस्त्यात पोरांचा चेंडू गडगडत त्यांच्या पायाशी आला, तेव्हा त्यांनी तो वाकून, हातानं उचलून, पुसून परत दिला. मला हा त्यांचा मोठाच गुण वाटतो. खेळलेल्या माणसाला दुसऱ्याला नावं ठेवताना आपली चुकलेली पेनल्टी आठवते. मॅनेजरांना आठवण्यासारखं काही नसल्यामुळे त्यांची मतं स्वच्छ राहिली आहेत.

मंडळातले बाकीचे सांगून टाकतो. मेडिकलवाले बार्सिलोनाचे, मेस्सी तिथून गेला तरी हे गेले नाहीत. पिग्मीवाल्यांचा संघ रोनाल्डो. रोनाल्डो माद्रिदला गेला, हेही गेले. तो तुरिनला गेला, हेही. आता दोघेही सौदीत आहेत. रोज पंचवीस दुकानांतून पन्नास-शंभर गोळा करत फिरणाऱ्या माणसाला एका जागी निष्ठा ठेवणं जमत नसावं. आणि एका हायस्कुलात मराठी शिकवणारे सर. क्रीडाशिक्षकाचं पद रिक्त असल्यामुळे तो कार्यभारही त्यांच्याचकडं. ते कुठल्याच संघाचे नाहीत. ते फक्त प्रभारी आहेत.

आता डावपेच. 2024 च्या नोव्हेंबरात रुबेन अमोरिम लिस्बनहून आले ते 3-4-3 घेऊनच आले. मागं तीन सेंटरबॅक, कडेनं दोन विंगबॅक, मधे दोन, पुढं तीन. युनायटेडची पोरं जन्मभर चार बॅकवर खेळलेली. मॅनेजर पहिल्या दिवसापासून या बदलाच्या विरोधात. विरोध समजावून सांगण्यासाठी त्यांनी भज्यांची प्लेट मागवली आणि पेपरवर संघ मांडला. मागं तीन मिरच्या. दोन्ही कडांना एकेक कांदाभजं. मधे दोन मुगाची. पुढं तीन बटाट्याची. गोलकीपर म्हणून चटणीची वाटी.

“आता बघा. समोरच्यानं मधे तीन माणसं घातली, तर आपले दोनच. हे इकडनं दाबले गेले. मग ह्यो विंगबॅक आत येणार, मग कड मोकळी. कड मोकळी झाली की ह्यो कोपऱ्यातला बॅक बाहेर ओढला जाणार...”

एवढ्यात पिग्मीवाल्यांनी मधली मिरची उचलून खाल्ली. त्यांच्या मनात काही नव्हतं. ते रोनाल्डोच्या निवृत्तीचा विचार करत होते.

“हे बघा!” मॅनेजर टाळी वाजवून म्हणाले. “पडलं का नाही भगदाड? दर शनिवारी हेच होतंय!”

हॉटेलवाले शेठ काउंटरवरून म्हणाले, “अजून एक प्लेट पाठवू का? सब्स्टिट्यूट?”

त्या हंगामात युनायटेड 38 पैकी 18 सामने हरली आणि पंधराव्या नंबरवर राहिली. युरोपा लीगची फायनल होती, तीही बिल्बाओला टॉटनहॅमकडून 0-1 नं गेली. भज्यांची उधारी मात्र वाढत राहिली.

या वादाचं एक वैशिष्ट्य आहे. ‘तीन बॅक की चार बॅक’ हा प्रश्न आमच्याकडं इतका सहज रुजला, कारण आमचा जिल्हा पॅटर्नवाला. लातूर पॅटर्न म्हटलं की महाराष्ट्रभरचे आईबाप पोराची पेटी बांधतात. पोराला मार्क कमी पडले तर पोराचं काही चुकलं, असं इथं कुणी म्हणत नाही. फिजिक्सचे सर बदलतात. नीटच्या दोन टेस्टमध्ये घसरगुंडी झाली की वडील मोटरसायकलवर लातूर गाठतात, एका क्लासातून काढून दुसऱ्यात घालतात. नामांकित सरांना दुसरे क्लासवाले पळवून नेतात, त्याची चर्चा गावोगाव होते. अशा लोकांना मॅनेजर बदलणं शिकवावं लागत नाही. मॅनेजरांचं म्हणणं एवढंच, की टेस्ट सिरीज बदला, सर बदला, पण पोराला बायोलॉजीच्या वहीत गणित लिहायला लावू नका. विंगरला विंगबॅक करणं म्हणजे तेच.

मेडिकलवाल्यांचं दुखणं निराळं. हान्सी फ्लिकनं बार्सिलोनात आल्याबरोबर आपली बचावाची फळी पार मैदानाच्या मध्यापर्यंत वर सरकवली. समोरचा जरा पुढं पळाला की ऑफसाइड. पहिल्याच हंगामात त्यांनी लीग जिंकली, रिआल माद्रिदला चारदा हरवलं, पण प्रत्येक सामन्यात मेडिकलवाल्यांची बीपीची एक गोळी खर्ची पडली. घरच्याच दुकानातली असली तरी खर्चच. ही ऑफसाइडची भानगड मामांना कळेना. मॅनेजरांनी नियम सांगितला, पिग्मीवाल्यांनी मोबाईल दाखवला, मामा कोरेच. शेवटी सर म्हणाले, “मामा, धुरा समजा. दोन शेतांच्या मधला. फरक एवढाच की ह्यो धुरा दर मिनिटाला सरकतो.”

“सरकतोच की,” मामा म्हणाले. “आमचा भाऊबंद दर नांगरटीला एक तास सरकवतोय.”

“अन् मग पंच टीव्हीवर रेघ मारून बघतात, पाय आत होता का बाहेर.”

“म्हणजे मोजणी!” मामांचा चेहरा उजळला. “मोजणीला किती दिवस लागतेत त्यांना?”

“दोन-तीन मिनिटं.”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. इंग्लंड-स्पेनविषयी त्यांना पहिल्यांदाच आदर वाटलेला दिसला. त्यांनी त्यांच्या मोजणीचा अर्ज कधी केला, फी कधी भरली, मोजणीदार दोनदा येऊन पाऊस म्हणून परत कसा गेला, हे सगळं सांगितलं. त्या दिवशी फुटबॉल तिथंच थांबला.

2025 च्या जुलैत मात्र मोठंच काम अंगावर आलं. भारताच्या संघाचा कोच नेमायचा होता. मावळते मानोलो मार्केझ स्पेनचे. त्यांच्याकडं भारताचा संघ आणि एफसी गोवा अशी दोन्ही कामं होती. आम्हा कुणाला याचं आश्चर्य वाटलं नाही. एका ग्रामसेवकाकडं तीन गावं, एका मुख्याध्यापकाकडं दोन शाळा, हे आम्ही रोज बघतो. “अतिरिक्त कार्यभार,” सर म्हणाले, “म्हणजे दोन्हीकडं सही, काम कुठंच नाही.” मार्केझ यांच्या हाताखाली भारत आठ सामन्यांत एक जिंकला होता, मालदीवशी. संघ जगात 133 वा. महासंघाकडं 170 अर्ज आले होते आणि एका संध्याकाळी बातमी फुटली की त्यात झावीचा अर्ज आहे. बार्सिलोनाचा झावी. पैसे फार लागतील म्हणून महासंघानं तो बाजूला ठेवला, असंही बातमीत होतं.

हॉटेलात जे झालं ते लिहिताना हात थरथरतो. मेडिकलवाले दुकान पोरावर सोडून आले. मॅनेजरांनी झावीच्या हाताखालचा भारतीय संघ कागदावर मांडला, तो 4-3-3. पैशाचं काय करायचं यावर गंभीर चर्चा झाली. गणपती महिन्यावर आले होते, पावती पुस्तकं छापून तयार होती. त्यामुळे वर्गणी हा मार्ग सगळ्यांना सुचला. देशात तालुके किती, तालुक्याला किती धरायचे, असा हिशेब पिग्मीवाल्यांनी मांडला. तेवढी रक्कम रोजच्या रोज गोळा करायला माणूस कोण, एवढाच मुद्दा उरला होता. दुसऱ्या दिवशी महासंघानं खुलासा केला की झावी आणि ग्वार्डिओला या दोघांच्या नावानं आलेले अर्ज खोटे होते. कुणीतरी गंमत केली होती.

“खोटा असू द्या,” मॅनेजर म्हणाले. “पण अर्ज बाजूला ठेवताना यांना तो खरा वाटला होता ना? म्हणजे यांनी खऱ्या झावीलासुद्धा ठेवलं नसतं.” या युक्तिवादाला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

1 ऑगस्टला खालिद जमील यांची नेमणूक झाली. मुंबईत खेळून आणि शिकवून तयार झालेला माणूस. ऐझॉलसारख्या लहान क्लबला 2017 मध्ये आय-लीग जिंकून दिलेला. बऱ्याच वर्षांनी देशाच्या संघाला देशातला कोच. मॅनेजरांनी लगेच पाठिंबा जाहीर केला: “आपल्या मातीतला माणूस पाहिजेच होता.” झावी मांडलेला कागद तोवर भज्यांखाली गेला होता.

मग आला ऑगस्टचा शेवटचा आठवडा, ज्याची आठवण मॅनेजर आजही जबडा घट्ट करून काढतात. 27 तारखेला गणपती बसले. त्याच रात्री, म्हणजे आपल्याकडं साडेबारा वाजता, युनायटेडचा सामना ग्रिम्सबी टाउनशी. ग्रिम्सबी हे मासेमारीचं बंदर. त्यांचा संघ चौथ्या दर्जाच्या लीगमधला, आणि प्रेक्षक हवा भरलेले प्लास्टिकचे मासे घेऊन मैदानात येतात. मॅनेजरांच्या घरी रात्रीच्या फुटबॉलला बंदी असल्यामुळे ते गल्लीतल्या मंडळाच्या मांडवात, राखणीला बसलेल्या पोरांत जाऊन बसले. मोबाईल आरतीच्या तबकाला टेकवला. अर्ध्या तासात युनायटेडवर दोन गोल. कॅमेरा अमोरिमवर गेला, तर ते पावसात एका कोपऱ्यात बसून हातातल्या पाटीवर लोहचुंबकाच्या सोंगट्या इकडून तिकडं सरकवतायत.

“ते काय करलालेत?” एका पोरानं विचारलं.

“भजी लावलालेत,” मॅनेजर दात खाऊन म्हणाले.

युनायटेडनं कसेबसे दोन गोल फेडले आणि पेनल्टी सुरू झाल्या. सहसा पाच-पाचमध्ये निकाल लागतो. इथं दोन्हीकडच्या मिळून 26 झाल्या. प्रत्येक पेनल्टीला मांडवातली पोरं मूर्तीकडं वळून हात जोडत होती; बाप्पानं बसल्या रात्री एवढं काम याआधी केलं नसावं. एका पोराचा दीड जीबी डेटा बाराव्या पेनल्टीला संपला, दुसऱ्याचा हॉटस्पॉट लावला. शेवटची बारला लागली आणि ग्रिम्सबी 12-11 नं जिंकली. मॅनेजर उठले, मूर्तीला नमस्कार केला आणि म्हणाले, “देवा, तुझं चुकलं नाही. मधे दोनच माणसं होती.”

त्यानंतर आमच्याकडं असा पाऊस लागला की सोयाबीन पाण्यात, ओढे रस्त्यावर. कृषी केंद्राच्या दारात रडवेले चेहरे. मॅनेजरांनी ते दोन-तीन दिवस फुटबॉलचा शब्द काढला नाही, पंचनाम्यासाठी फोटो कसे काढायचे हेच सांगत बसले. फक्त 29 तारखेला रात्री ताजिकिस्तानात भारताचा सामना होता, नव्या कोचचा पहिला. अन्वर अली आणि संदेश झिंगन या दोन बचावपटूंनी पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल केले, गुरप्रीतनं पुढं एक पेनल्टी अडवली, 2-1 नं जिंकलो. मॅनेजरांनी मंडळाच्या ग्रुपवर तीनच शब्द टाकले: ‘आपला माणूस. बघा.’ खाली मामांच्या नातवानं अंगठा दिला.

पण या जातीच्या माणसाचा स्वभाव सांगायचा तर पुढचं सांगावं लागतं. ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरकडून 1-2 हरलो, आशिया चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशानं 1-0 नं हरवलं. मॅनेजर म्हणाले, “बाहेरचा माणूस पाहिजे. आपल्या माणसाला आपल्याच लोकांवर ओरडता येत नाही.” तिकडं अमोरिमनं सप्टेंबरात सांगून टाकलं होतं की पोपनं येऊन सांगितलं तरी मी पद्धत बदलणार नाही. मॅनेजर चार महिने त्या पोपवर तुटून पडले होते. 5 जानेवारी 2026 ला अमोरिमना काढलं. मायकेल कॅरिक प्रभारी आले आणि त्यांनी मागं चार बॅक उभे केले. चौदा महिन्यांची मागणी मंजूर. आम्हाला वाटलं, आज पेढे. मॅनेजर आले, चहा घेतला, आणि खिन्न आवाजात म्हणाले, “खरं सांगू का? त्या माणसाला वेळ द्यायला पाहिजे होता. तीन बॅकमध्ये एक विचार होता.”

सरांनी कपाळावर हात मारला. मी मात्र यात विसंगती बघत नाही. बदली झालेल्या तहसीलदाराचे गुण शाल-श्रीफळ देतानाच आठवतात. आणि मागणी मान्य झाली तर संध्याकाळी सातनंतर करायचं काय, हाही प्रश्न आहेच.

हे सगळं हवेतलं. मॅनेजरांना जमिनीवर आणण्याचा प्रयत्न एकदाच झाला. सरांच्या शाळेत 2017 पासून फुटबॉल होते. त्या वर्षी भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक व्हायचा होता, म्हणून सरकारनं 15 सप्टेंबरला एकाच दिवशी महाराष्ट्रात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं आणि शाळाशाळांत चेंडू पाठवले. अहमदपुरातही त्या दिवशी गणवेशातली पोरं चेंडूमागं धावली, फोटो निघाले, अहवाल गेला. चेंडू डेडस्टॉक रजिस्टरला लागले आणि कपाटात गेले. हवा गेली तशी गेली. सुई कधी आलीच नव्हती. यंदा मुख्याध्यापकांना जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेचं पत्र आलं आणि त्यांनी सरांच्या मार्फत मॅनेजरांना निरोप धाडला, पोरांना जरा शिकवा.

मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सोबत टाइप केलेला कागद. कार्यकाळ तीन वर्षं. खेळाडू निवडीत कुणाचाही हस्तक्षेप नको. दोन सहायक. सामन्यांचं चित्रीकरण आणि विश्लेषण. डाव्या पायानं खेळणारा एक लेफ्ट विंगबॅक तातडीनं.

मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. “सर, आमच्याकडं केळी आहेत,” ते म्हणाले. “मुलामागं दोन.”

“डाव्या पायाचं पोरगं?”

“एक होतं. ते लातूरला फाउंडेशनच्या क्लासला गेलंय.”

मॅनेजरांनी कागदाची घडी केली. “प्रोजेक्टच नाही तुमच्याकडं,” ते म्हणाले आणि परत आले. वाटाघाटी फिसकटल्या. ठरल्या दिवशी मराठीचे सरच अकरा पोरं, एक पंप आणि केळ्यांचे घड घेऊन एसटीनं लातूरला गेले.

दुपारी दोनला सरांचा मेसेज आला: ‘पहिल्या फेरीत पुढे चाल.’ समोरचा संघ आलाच नव्हता. हॉटेलात सगळे खूश. मॅनेजर विचारात पडले. त्यांनी पेपर ओढला, पेन काढलं आणि न झालेल्या सामन्याचं विश्लेषण केलं. आपल्या संघाबद्दल काहीतरी समोरच्यांच्या कानावर गेलं असणार. बहुतेक त्यांनी आपली टीमशीट बघितली असेल.

“टीमशीट दिलीच नव्हती म्हणे,” पिग्मीवाले म्हणाले.

“तेच तर. गुप्तता.”

साडेचारला दुसरा मेसेज आला: 0-6.

सर रात्री आठला हॉटेलात आले. अंगावर धूळ, आवाज बसलेला, हातात रिकामी पिशवी. शेठनी न विचारता चहा दिला. मॅनेजरांनी त्यांना अर्धा कप पिऊ दिला. तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

“सहा गोल कुठून कुठून गेले?”

“सहाच्या सहा डावीकडून.”

“मी म्हणलं होतं. म्हणलं होतं का नाही? डावा विंगबॅक पाहिजे म्हणून?” मॅनेजर खुर्ची पुढं ओढत म्हणाले. “बरं, तुम्ही फॉर्मेशन काय लावलं होतं?”

सरांनी थोडं आठवून पाहिलं. “नऊ पोरं चेंडूमागं, एक गोलात.”

“हे दहाच झाले. अकरावा?”

“तो केळ्यापाशी. तिथं माकडं लई आहेत.”

मॅनेजरांनी पेपरवर नऊ टिंबं काढली, एक गोलात काढलं, आणि मैदानाच्या रेघेबाहेर एक लहानसं टिंब काढून त्याकडं बराच वेळ बघत राहिले.

“हे केळ्यापाशी कोण होतं?”

“लेफ्टबॅक.”

“तरीच,” मॅनेजर म्हणाले आणि शेठना भज्यांची प्लेट सांगितली.